लॅबचे रिझल्ट ईएचआरमध्ये (पेशंटच्या संगणकातल्या नोंदींमध्ये) नीट कसे बसवायचे: प्लेटलेटपासून कल्चरपर्यंत

डेंग्यूचा सीझन होता, ऑगस्ट संपत आलेला, आणि एका हॉस्पिटलच्या फिजिशियनचा फोन आला की तुमच्या सॉफ्टवेअरमधला प्लेटलेटचा ग्राफ बघा जरा, मला यातून काहीच कळत नाहीये. उघडून बघितलं तर एकाच पेशंटचे तीन ठिपके. पहिला १.२, दुसरा ९८, तिसरा १,१०,०००. पहिला रिपोर्ट तालुक्याच्या लॅबचा, तिथे प्लेटलेट लाखात छापतात. दुसरा हॉस्पिटलच्या स्वतःच्या सेल काउंटरचा, तो हजारात देतो. तिसरा शहरातल्या लॅबचा, तिथे पूर्ण आकडा. तिन्ही आकडे आपापल्या कागदावर बरोबर होते. १.२ लाख, मग ९८ हजार, मग १ लाख १० हजार, म्हणजे पेशंटच्या प्लेटलेट खाली जाऊन परत वर यायला लागलेल्या, आणि डॉक्टरांना नेमकं तेवढंच बघायचं होतं. आमच्या ग्राफवर पहिले दोन ठिपके तळाला चिकटलेले आणि तिसरा आभाळात.

चूक कुठल्याच लॅबची नव्हती, आमच्या टेबलची होती. टेस्टचा आयडी, व्हॅल्यू, तारीख, एवढेच कॉलम, आणि युनिट टेस्ट मास्टरमध्ये, म्हणजे टेस्टच्या मुख्य यादीत, एकदाच लिहून ठेवलेलं, म्हणजे सगळ्या लॅब कायम एकाच युनिटमध्ये रिपोर्ट देणार असं आम्ही गृहीत धरलेलं. त्यानंतर मी बराच काळ याच कामात आहे आणि माझं पक्कं मत झालंय की रिझल्ट म्हणजे आकडा असं समजून डिझाइन केलं की पुढचं सगळं बिघडतं. कशाचं सॅम्पल, कधी घेतलं, कोणत्या पद्धतीने तपासलं, युनिट काय, नॉर्मल रेंज काय, फायनल झालंय का, हे सगळं त्या आकड्याला चिकटूनच साठवायला लागतं. दोन-तीन जणांच्या टीमवर छोट्या-मध्यम हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणारे आपल्याकडे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय.

१. टेबल बनवायच्या आधी दोन दिवस लॅबमध्ये बसा

खरंच बसा. एक सॅम्पल धरा आणि त्याच्या मागे मागे जा. डॉक्टरने 'हिमोग्राम, बीएसएल, आरएफटी' (रक्तपेशी, रक्तातली साखर, किडनीच्या टेस्ट) लिहिलं, सिस्टरने किंवा फ्लेबोटोमिस्टने रक्त काढून जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) बल्बमध्ये, करड्या झाकणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये आणि प्लेन बल्बमध्ये भरलं, बारकोड चिकटवला, लॅबमध्ये रिसीव्ह झालं, मशीनवर लागलं, टेक्निशियनने बघितलं, एखादी टेस्ट रिपीट केली, पॅथॉलॉजिस्टने सही केली. या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी माहिती तयार होते आणि तिला तुमच्या मॉडेलमध्ये जागा पाहिजे.

परत येताना त्यांच्याकडून जुने पन्नासेक रिपोर्ट मागून आणा, नावं खोडून. त्यात विडाल (टायफॉइडची टेस्ट) असू दे, युरिन रुटीन असू दे, एखादा कल्चर (सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायची टेस्ट), एखादा 'सॅम्पल हिमोलाइज्ड, कृपया परत पाठवा' असा रिपोर्ट असू दे. हे पन्नास कागद तुमचे पहिले टेस्ट केस, यातला एक जरी तुमच्या टेबलमध्ये माहिती न गमावता बसला नाही तर टेबल बदलायचं.

२. ऑर्डर, सॅम्पल, रिपोर्ट आणि रिझल्ट वेगळे ठेवा

बहुतेक जुन्या सिस्टिममध्ये या चार गोष्टी एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. फायर स्टँडर्डमध्ये (FHIR, आरोग्याचा डेटा एका सिस्टिममधून दुसरीत पाठवायचं स्टँडर्ड) यांना चार वेगळे रिसोर्स आहेत, सर्व्हिस-रिक्वेस्ट, स्पेसिमेन, डायग्नोस्टिक-रिपोर्ट आणि ऑब्झर्व्हेशन, आणि तुम्ही फायर वापरा किंवा नका वापरू, ही विभागणी उचलायलाच पाहिजे. बीएसएल फास्टिंग आणि पीपी (जेवणानंतरची) एकाच ऑर्डरमध्ये येतं पण सॅम्पल दोन असतात. एका ईडीटीए बल्बमधून हिमोग्रामचे वीसेक रिझल्ट निघतात. त्याच बल्बमधून एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) पण होतं, पण त्याचा रिपोर्ट वेगळा.

सॅम्पल रिपोर्टला जोडून चालेल असं मलाही आधी वाटायचं. मग एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी समजावलं की काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेटचे गोळे होतात, मशीन गोळ्यांमधल्या प्लेटलेट मोजू शकत नाही आणि काउंट खोटा कमी येतो. अशा वेळी त्या सायट्रेट बल्बमध्ये, म्हणजे फिकट निळ्या झाकणाच्या, परत रक्त मागवतात आणि तो काउंट १.१ ने गुणून देतात कारण सायट्रेटचं पाणी रक्तात मिसळलेलं असतं. म्हणजे एकाच हिमोग्रामच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन एका बल्बचं आणि प्लेटलेट दुसऱ्या बल्बच्या! म्हणून प्रत्येक रिझल्टच्या ओळीला स्वतःचा सॅम्पल आयडी पाहिजे, आणि सॅम्पलच्या ओळीत बल्बचा प्रकार, कुठून घेतलं, कधी घेतलं आणि त्याची अवस्था (हिमोलाइज्ड म्हणजे लाल पेशी फुटलेलं, क्लॉटेड म्हणजे गोठलेलं, अपुरं, लायपेमिक म्हणजे चरबीने दुधाळ) हे कॉलम पाहिजेत. हिमोलाइज्ड सॅम्पलचं पोटॅशियम खोटं जास्त येतं, ते वॉर्डमधल्या डॉक्टरला आकड्याशेजारीच दिसलं नाही तर तो नसलेल्या पोटॅशियमवर उपचार सुरू करेल.

३. टेस्टची ओळख: 'शुगर' नावाची टेस्ट नसते

तुमच्या टेस्ट मास्टरमध्ये 'शुगर' अशी एकच ओळ असेल तर आजच तोडा. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांची, रँडम, बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर काढलेली, लघवीतली, पाठीच्या पाण्यातली, या सगळ्या वेगळ्या टेस्ट आहेत आणि एका ग्राफवर यायच्या लायकीच्या नाहीत.

यासाठी लॉइंक (LOINC, लॅब टेस्टच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) वापरा. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रिगनस्ट्रिफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये हे सुरू केलं आणि ते फुकट वापरता येतं. प्रत्येक कोडमागे सहा प्रश्न असतात: काय मोजलं, त्याचा कोणता गुण मोजला (वस्तुमान, मोल, संख्या), एका क्षणाचं का चोवीस तासांचं, कशात मोजलं, उत्तर कोणत्या प्रकारचं, आणि गरज असेल तर कोणत्या पद्धतीने. सिरम किंवा प्लाझ्मातलं ग्लुकोज २३४५-७, तेच फास्टिंग असेल तर १५५८-६. रक्तातलं हिमोग्लोबिन ७१८-७, एचबीएवनसी ४५४८-४, ऑटोमेटेड प्लेटलेट काउंट ७७७-३. शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, त्यामुळे हाताने टाइप करताना झालेली चूक पकडता येते, तेवढं व्हॅलिडेशन लिहूनच टाका.

मॅपिंग करताना नावावरून शोधून पहिला सापडलेला कोड घ्यायचा नाही. सिरम क्रिएटिनिनचा मिलिग्रॅमवाला कोड २१६०-० आणि मोलवाला १४६८२-९, नाव जवळपास सारखंच, आणि आपल्याकडच्या लॅबला पहिला लागतो. म्हणून मॅपिंगला एकीकडे डेव्हलपर आणि एकीकडे लॅबमधलं जाणतं माणूस असं दोघांनी मिळून बसायचं. आधी सगळ्यात जास्त होणाऱ्या शंभर टेस्ट करा, बाकी मागून येऊ द्यात. लॅबचा स्वतःचा कोड आणि लॅबने छापलेलं नाव कधीही पुसू नका, लॉइंक त्याच्या शेजारी ठेवायचं, आणि मॅपिंग कोणी आणि कधी केलं तेही लिहायचं, कारण मॅपिंग चुकतं आणि ते दुरुस्त करताना जुन्या कोणत्या ओळी बदलायच्या ते शोधायला लागतं.

पद्धत वेगळ्या कॉलममध्ये ठेवाच. विदर्भात गडचिरोलीच्या बाजूला किंवा तिकडे नंदुरबारला काम करणाऱ्यांनी तर नक्की, तिथे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे आणि एचबीएवनसीच्या काही पद्धतींमध्ये सिकल हिमोग्लोबिनमुळे आकडा चुकतो, आणि सिकलसेल आजारच असेल तर लाल पेशी लवकर मरत असल्याने कोणत्याही पद्धतीचा एचबीएवनसी भरवशाचा राहत नाही. पद्धत माहीत नसेल तर डॉक्टरला त्या आकड्यावर किती विसंबायचं ते कळणार कसं?

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ईएचआर स्टँडर्ड्समध्ये, २०१६ च्या सुधारित आवृत्तीत, लॅब टेस्टसाठी लॉइंक दिलेलं आहे, आणि निदान, जंतू, सॅम्पलचा प्रकार वगैरेसाठी स्नोमेड सीटी (वैद्यकीय शब्दांची कोडेड यादी). भारत २०१४ पासून स्नोमेडचा सभासद आहे त्यामुळे इथे वापरायला पैसे पडत नाहीत, आणि त्याची मदत पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय रिसोर्स सेंटर करतं.

४. व्हॅल्यूचा एकच कॉलम पुरत नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून थोडं सावकाश सांगतो. आणलेले पन्नास रिपोर्ट पसरा आणि उत्तरांचे प्रकार बघा.

साधा आकडा: हिमोग्लोबिन ११.४. मर्यादेबाहेरचा आकडा: टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) ०.००५ पेक्षा कमी. रेंज: लघवीत पस सेल २ ते ४. टायटर (सॅम्पल किती पट पातळ करूनही टेस्ट पॉझिटिव्ह येते): विडाल १:१६०. पायऱ्यांचं उत्तर: प्रोटीन निल, ट्रेस, एक प्लस, दोन प्लस. ठरावीक शब्द: एनएसवन (डेंग्यूची टेस्ट) रिॲक्टिव्ह, ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. मोकळं लिखाण: स्मिअरवरचं (काचेवर पसरलेल्या रक्ताबद्दलचं) मत. आणि उत्तरच नाही: सॅम्पल क्लॉट झालं.

हे सगळं एका टेक्स्ट कॉलममध्ये टाकलं तर शोधता येत नाही, एका डेसिमल कॉलममध्ये टाकलं तर अर्ध्या गोष्टी हरवतात. म्हणून व्हॅल्यूचा प्रकार हा एक कॉलम, आणि मग आकडा, तुलना-चिन्ह, खालची बाजू, वरची बाजू, कोड, मजकूर असे वेगळे कॉलम, ज्याला जे लागेल ते भरायचं. फायरमध्येही असंच आहे, तिथे क्वांटिटीला कंपॅरेटर नावाचं फील्ड असतं, रेंज आणि रेशो हे वेगळे प्रकार असतात. या सगळ्यांशिवाय एक कॉलम 'लॅबने छापलं तसं' असा ठेवा आणि त्यात अक्षर न अक्षर जसंच्या तसं. हा कॉलम मला इतक्या वेळा वाचवून गेलाय की जागा वाचवायला तो काढायचा विषय कोणी काढला की मी ऐकूनच घेत नाही.

चिन्ह उडवू नका. '०.००५ पेक्षा कमी' याचं ०.००५ केलं तर तो मोजलेला आकडा वाटतो, शून्य केलं तर अजून वाईट. टायटर १:१६० चं भागाकार करून अपूर्णांक बनवू नका, १६० हा आकडा वेगळा ठेवा, सॉर्टिंगला तो लागतो. दशांशही जपा: लॅबने ७.० दिलं असेल तर ७.० च दिसलं पाहिजे, फ्लोटमध्ये ठेवलंत की त्याचं नुसतं ७ होणार, आणि एचबीएवनसीमध्ये डॉक्टर त्या दशांशावर औषध ठरवतात.

आणि रिझल्ट नसेल तर शून्य भरायचा नाही, कधीच नाही. एका ठिकाणी मशीनने सॅम्पल क्लॉट म्हणून आकडा रिकामा पाठवला, मधल्या इंटरफेसने रिकाम्याचं शून्य केलं आणि वॉर्डमध्ये प्लेटलेट शून्य असा लाल अलर्ट गेला. सिस्टर पळत पेशंटकडे. व्हॅल्यू रिकामी, आणि शेजारी 'का नाही' चा कोडेड कॉलम: क्लॉटेड, अपुरं सॅम्पल, मशीन बंद, पेशंट आलाच नाही. फायरमध्ये यासाठी डेटा-ॲबसेंट-रीझन आहे.

५. युनिट प्रत्येक ओळीत

प्लेटलेटची गोष्ट इथे परत येते. क्युबिक मिलिमीटर आणि मायक्रोलिटर एकच, त्यामुळे १.२ लाख प्रति क्युबिक मिलिमीटर म्हणजे १२० हजार प्रति मायक्रोलिटर, म्हणजेच १२० गुणिले दहाचा नववा घात प्रति लिटर. 'लाख' हे युनिट परदेशी सॉफ्टवेअरला माहीतच नसतं, आपल्याकडच्या रिपोर्टवर मात्र ते रोज असतं, आणि डॉक्टर बोलतातही लाखातच, त्यामुळे दाखवायला ते ठेवायलाच पाहिजे.

करायचं असं: लॅबने दिलेला आकडा आणि लॅबने दिलेलं युनिट जसंच्या तसं, त्याच्या शेजारी तुमच्या एका ठरलेल्या युनिटमध्ये बदललेला आकडा. ग्राफ, अलर्ट, शोध हे बदललेल्यावर, स्क्रीनवर आणि प्रिंटवर मूळचं. युनिटचे कोड युकम (UCUM, युनिट लिहायच्या कोडचं स्टँडर्ड) प्रमाणे ठेवा. त्यात लहान-मोठं अक्षर महत्त्वाचं, एक अक्षर बदललं की मिलीचं मेगा होतं, म्हणून युनिट हाताने टाइप करू न देता ड्रॉपडाउनमधूनच.

बदलायचं सूत्र युनिटच्या जोडीला बांधू नका, टेस्टला बांधा. ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून मिलिमोल प्रति लिटर करायला १८ ने भागायचं, कोलेस्टेरॉल ३८.६७ ने, क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये न्यायला ८८.४ ने गुणायचं, दर पदार्थाचं रेणुभार वेगळं म्हणून आकडा वेगळा. सोडियम-पोटॅशियममध्ये मिलिइक्विव्हॅलंट आणि मिलिमोल सारखेच, कॅल्शियममध्ये मात्र निम्मे होतात. एचबीएवनसीचं तर नुसतं गुणून होतच नाही, इंग्लंडमध्ये तो मिलिमोल प्रति मोलमध्ये देतात, त्याला ०.०९१५ ने गुणून वर २.१५ मिळवायचे तेव्हा आपला टक्का येतो, म्हणजे तिकडचे ५३ म्हणजे आपले ७. मुलाकडे सहा महिने लंडनला राहून आलेले आजोबा तिकडचा रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा हा प्रसंग हमखास येतो.

युनिट आलंच नाही तर? अंदाज करून बदलू नका. १.२ म्हणजे लाखच असणार असं तुम्हाला वाटतं, पण बाराशे प्लेटलेट असलेला पेशंटही असू शकतो आणि तो सगळ्यात आजारी असतो. आकडा अशक्य वाटला की ओळ अडवून टेक्निशियनच्या यादीत टाका, माणसाने बघून युनिट भरावं.

६. रेंज त्या दिवशीची, त्या लॅबची

रेफरन्स रेंज मास्टरमधून दाखवताना उचलायची ही चूक फार जणांकडे असते. लॅबने नवीन मशीन घेतलं, रेंज बदलली, मास्टर बदललं, आणि मागच्या वर्षीचे नॉर्मल रिपोर्ट एका रात्रीत ॲबनॉर्मल झाले. रिझल्ट आला की त्या क्षणीची रेंज त्याच्याच ओळीत कॉपी करून गोठवून टाका.

मास्टरमध्ये रेंज निवडायला वय, लिंग आणि गरोदरपण लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात प्रौढ पुरुषाला १३ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया, गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली, गरोदर बाईला ११ च्या खाली (२०२४ पासून मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली). वाढत्या मुलांचं अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्यांच्या रेंजने बघितलं तर दर दुसरं पोर लाल दिसेल. आणि वय धरायचं ते सॅम्पल घेतल्याच्या दिवशीचं, रिपोर्ट उघडला त्या दिवशीचं नाही. नवजात बाळांच्या बाबतीत तर दिवसांमध्ये मोजायला लागतं.

हाय-लो चा फ्लॅग हा वेगळा कॉलम. लॅबने पाठवला असेल तर लॅबचाच दाखवायचा, आपण काढला असेल तर आपण काढला असं कळलं पाहिजे. एचबीएवनसीसारख्या टेस्टला ६.५ ला डायबेटिस ही निदानाची रेषा असते, ती रेफरन्स रेंजच्या कॉलममध्ये कोंबू नका, रेंजचा 'प्रकार' असा एक कॉलम ठेवला की दोन्ही मावतात.

७. वेळा

कमीत कमी चार: ऑर्डर केली, सॅम्पल घेतलं, लॅबला मिळालं, रिपोर्टवर सही झाली. ग्राफ कायम सॅम्पल घेतल्याच्या वेळेवर काढायचा. सकाळी सहाचं सॅम्पल दुपारी रिपोर्ट झालं आणि दहाचं सॅम्पल अर्जंट म्हणून अकरालाच झालं, तर रिपोर्टच्या वेळेवर ग्राफ उलटा येतो, आणि ट्रोपोनिनसारख्या (हार्ट अटॅकसाठीच्या) टेस्टमध्ये चढतंय का उतरतंय हाच सगळा प्रश्न असतो.

सॅम्पलची वेळ पुष्कळदा कोणी लिहितच नाही, मग सिस्टिम गुपचूप रिसीव्हची वेळ तिथे टाकते. टाकायची असेल तर टाका पण 'अंदाजे' अशी खूण सोबत पाहिजे. फ्लोराइड नसलेल्या बल्बमध्ये, सिरम वेगळं न करता रक्त तसंच ठेवलं तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात, गावातून दोन-तीन तासांनी पोचलेल्या सॅम्पलमध्ये तो फरक दिसतो, त्यामुळे घेतल्याची आणि पोचल्याची वेळ दोन्ही खऱ्या असल्या तर फार उपयोग होतो.

८. स्टेटस, आणि चूक झाली तर

रिझल्टवर अपडेट चालवायचं नाही आणि डिलीट तर नाहीच. प्रिलिमिनरी, फायनल, करेक्टेड, कॅन्सल्ड, एंटर्ड-इन-एरर, एवढी स्टेटस ठेवा आणि दर बदलाला नवीन आवृत्ती, जुनी जागेवर राहते, कोणी बदलली, का बदलली हे सोबत.

समजा एकाच वॉर्डमध्ये एकाच आडनावाच्या दोन बायका आहेत, बारकोडची अदलाबदल झाली आणि एकीचं पोटॅशियम दुसरीच्या नावावर गेलं. तासाभराने लॅबच्या लक्षात आलं. मधल्या तासात डॉक्टरने तो आकडा बघून औषध दिलेलं असेल. ओळ उडवली तर औषध का दिलं याचा पुरावाच जातो, आणि ज्याने तो आकडा बघितलाय त्याला कळवायलाही कोणी उरत नाही. म्हणून चुकीची ओळ एंटर्ड-इन-एरर करायची, ग्राफमधून बाहेर, इतिहासात मात्र दिसणार, आणि उघडलेल्या प्रत्येकाला नोटिफिकेशन जाणार. हा शेवटचा भाग बहुतेक जण सोडतात, सोडू नका.

९. अवघड मंडळी: कल्चर, टीबी आणि हिशोबाने काढलेले रिझल्ट

कल्चर हे झाड आहे. मुळाशी कल्चर, त्यावर उगवलेला प्रत्येक जंतू ही एक फांदी, आणि त्या फांदीवर त्या जंतूवर तपासलेली अँटिबायोटिक. युरिन कल्चरमध्ये दोन जंतू उगवले आणि तुम्ही सगळी अँटिबायोटिक एकाच सपाट यादीत टाकली, तर सिप्रोफ्लॉक्सासिन कोणाला लागू पडतं आणि कोणाला नाही ते कळायचा मार्गच राहत नाही. म्हणून रिझल्टच्या टेबलमध्ये 'आई' चा आयडी हा कॉलम पाहिजे. एचएल-सेव्हन (हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधल्या मेसेजचं जुनं स्टँडर्ड) मध्ये ओबीएक्सचं, म्हणजे रिझल्टच्या ओळीचं, चौथं फील्ड, सब-आयडी, या कामाला येतं, फायरमध्ये हॅज-मेंबर.

एस, आय, आर (लागू पडतं, मधलं, लागू पडत नाही) एवढंच न ठेवता अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला आकडा किंवा एमआयसीही (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) ठेवा, आणि कोणत्या गाइडलाइनच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीने वाचलं तेही, कारण या रेषा बदलत राहतात. 'नो ग्रोथ' हा रिझल्ट आहे, त्याला कोड द्या, रिकामं ठेवू नका. चोवीस तासांचा प्रिलिमिनरी आणि नंतरचा फायनल हे वर सांगितलेल्या आवृत्त्यांमध्ये आपोआप बसतात.

टीबीसाठी ट्रूनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) सगळीकडे पोचलंय, ते बनवणारी मोलबायो कंपनी आपल्या गोव्याचीच. त्यात टीबीचा जंतू सापडला का हा एक रिझल्ट आणि रिफाम्पिसिनला (टीबीच्या एका मुख्य औषधाला) दाद देत नाही का हा दुसरा. दुसऱ्यात 'रेझिस्टन्स सापडला नाही', 'ठरवता आलं नाही' आणि 'टेस्ट केलीच नाही' ही तीन वेगळी उत्तरं आहेत, तिन्हींना निगेटिव्ह म्हणून साठवलं तर रेझिस्टंट पेशंट साध्या औषधांवर महिने काढेल. हे वाचून तुमच्या सिस्टिममध्ये आत्ताच जाऊन बघा.

हिशोबाने काढलेल्या रिझल्टला सूत्राचं नाव आणि कशापासून काढलं त्या ओळींचे आयडी लागतात. फ्रीडवाल्ड सूत्राने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काढताना ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर सूत्र लागू होत नाही, तिथे व्हॅल्यू रिकामी आणि कारण. ईजीएफआरचं (किडनी किती गाळते त्या अंदाजाचं) सूत्र २०२१ मध्ये बदललं, त्यामुळे तेच क्रिएटिनिन असूनही जुन्या-नव्या सूत्राने वेगळा आकडा येतो आणि पेशंटची किडनी सुधारली असं वाटू शकतं.

१०. मशीनकडून येणारं आणि बाहेर जाणारं

मशीन आणि लॅबचं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी अजून एएसटीएम (मशीनच्या मेसेजचं जुनं स्टँडर्ड) किंवा एचएल-सेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीतच बोलतात. ओआरयू मेसेजमध्ये, म्हणजे रिझल्ट पाठवायच्या मेसेजमध्ये, ओबीएक्सच्या तिसऱ्या फील्डमध्ये टेस्ट, पाचव्यात व्हॅल्यू, सहाव्यात युनिट, सातव्यात रेंज, आठव्यात फ्लॅग, अकराव्यात स्टेटस, आणि सॅम्पलची वेळ ओबीआरच्या, म्हणजे ऑर्डरच्या ओळीच्या, सातव्यात. आलेला मेसेज आधी आहे तसा साठवा, मग पार्स करा. ओळखू न आलेला कोड आला तर तो टाकून न देता रांगेत ठेवा आणि ती रांग रोज कोणीतरी बघेल अशी सोय करा. नेट गेल्यावर मशीन तोच मेसेज परत पाठवतं, त्यामुळे मेसेज आयडी आणि सॅम्पल नंबरवरून डुप्लिकेट पकडा. पण मुद्दाम केलेली रिपीट टेस्ट ही डुप्लिकेट नसते, ती नवीन आवृत्ती.

बाहेर पाठवताना आयुष्मान भारत डिजिटल मिशन (पेशंटच्या नोंदी एकमेकांना जोडणारी केंद्र सरकारची योजना) फायरच्या आर-फोर आवृत्तीवर चालतं, लॅब रिपोर्टसाठी त्यांचा वेगळा प्रोफाइल आहे. नुसता पीडीएफ चिकटवून पाठवणं सोपं पडतं, पण मग समोरच्याला परत आकडे टाइप करायला लागतात आणि आपण सुरू केलं तिथेच परत येतो. पीडीएफ सोबत जाऊ दे, कारण सही त्याच्यावर आहे, पण ऑब्झर्व्हेशनही पाठवा. वरचं सगळं नीट केलं असेल तर हे काम थोड्याच दिवसांचं आहे.

११. जुना डेटा

नवीन टेबल तयार झाल्यावर आमच्याकडे मागची काही वर्षं होतीच, युनिटशिवाय. स्क्रिप्ट लिहून आकडा दहाच्या खाली असेल तर लाख, हजाराच्या खाली असेल तर हजार असं करून टाकायचा मोह झाला होता. आम्ही तसं केलं नाही. प्रत्येक जुनी ओळ 'युनिट माहीत नाही' म्हणून आत घेतली, मग लॅबच्या टेक्निशियन ताईंनी जुनी रजिस्टरं काढली आणि रोज दुपारी तासभर बसून आम्ही दोघं एकेक ओळ जुळवत गेलो, कोणत्या लॅबचा रिपोर्ट, कोणतं युनिट. पाच-सहा आठवडे लागले. ज्यांचा कागद सापडला त्यांना युनिट लागलं, पडताळणारीचं नाव लागलं. ज्यांचा नाही सापडला ते आकडे आजही रेषेला न जोडता ग्राफच्या खाली वेगळ्या पट्टीत दिसतात, छापलं होतं तसे, शेजारी 'युनिट नोंदलेलं नाही' असं लिहून.